बेहड्याखालची माय

जामटोला, ३ ऑगस्ट १९९६

हेमराजभाऊ,

तुला गडचांदूरला काम लागलं हे मंगलीच्या नवऱ्याकडून कळलं. पत्ताही त्यानेच दिला. तू कळवणार नाहीस हे मी धरूनच चालले होते.

तुझी रिंकू गेली त्या रात्री तू बैठकीतून मध्येच उठलास आणि सकाळी वच्छलावहिनीला घेऊन गाव सोडलंस. पुढे काय झालं ते कोणी तुला सांगितलं असेल, नसेल. सांगितलं असलं तरी ज्यांनी केलं त्यांनीच सांगितलं असेल. म्हणून मी लिहिते.

बिरजू पुजाऱ्याने सुपात तांदूळ टाकले आणि म्हणाला, "बाहेरचं नाई. घरातलंच आहे." तेव्हा तू तिथंच होतास. मग बैठकीचा पुढारी मनसारामने तुला उभं केलं.

"हेमराज, तुही माय म्हनत होती का नाई, कहूची फांदी पडनार म्हनून?"

"म्हनत होती."

"वारं नाई, वादळ नाई. मंग तिले कसं समजलं?"

तू खाली पाहिलंस आणि म्हणालास, "मले का माहीत? रिंकूले तिनंच तिथी पाठोलं."

भाऊ, मी मायच्या बाजूलाच बसले होते. मी उठत होते. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की सोडवता येईना. तू तळ्याच्या पाळीवर कहूच्या झाडाखाली जाळं शिवत बसला होतास. पोरीला माचीस आणायला तूच घरी पाठवलं होतंस. ती धावत आली, "आत्या, बाबानं माचीस मागतली" म्हणाली, मी माचीस दिली, ती धावत गेली आणि फांदी तिच्यावर पडली. माय तेव्हा घरात नव्हती, बांधावर होती. हे तुला माहीत, मला माहीत, तिलाही माहीत. तू पाय धुवायला पाण्यात उतरलास म्हणून वाचलास.

तू गेल्यावर ते तिला मातामाय देवीच्या ठाण्यापुढं घेऊन गेले. मला दोन बायांनी धरून ठेवलं. आधी केस कापले. मग बिरजू म्हणाला, तोंडात दात आहेत तोवर मंत्र चालते. मनसारामने पाटा-वरवंट्यातला वरवंटा मागवला. समोरचे दात वरचे आणि खालचे पाडले. डावा हात तिने तोंडापुढे धरला होता, तो मोडला. पोंभुर्ण्याला दवाखान्यात नेऊ दिलं नाही. हाड आता वाकडंच जुळलंय.

होळीपासून ती घरोघरी सांगत होती की त्या फांदीखाली जाळी वाळवू नका, पोरांना बसू देऊ नका. सरपंचाकडे दोनदा गेली, फांदी तोडा म्हणाली. खाली मातामाय आहे, कुऱ्हाड कोण लावणार, म्हणून त्यांनी तिला परत पाठवलं. आता तेच लोक म्हणतात, इतकी मागं लागली होती म्हणजे हिनेच केलं.

विहिरीवर आम्हाला येऊ देत नाहीत. पाणी मी ओढ्याचं आणते. माझ्या अंगणवाडीत लेकरं येत नाहीत. एक मंगलीची पोरगी येते, तिच्यासाठी मी रोज उघडते.

माय तुझ्याबद्दल एक शब्द बोलली नाही. वहिनीला जप. रिंकूचा फ्रॉक इथंच राहिलाय, वहिनीला हवा असेल तर कळव.

गोकुळा


जामटोला, १२ जानेवारी १९९७

भाऊ,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या महिन्यांनी एक ओळ. 'मायले कसं समजलं ते सांग, नाहीतर पत्र लिहू नको.'

मला राग आला होता. चार दिवस कार्ड कोनाड्यात पडून होतं. मग वाटलं, निदान विचारलंस तरी. गावात कोणी विचारलंसुद्धा नाही. म्हणून मी मायलाच विचारलं. खरं सांगू, मीही तोवर विचारलं नव्हतं. आपल्या घरात तिचं ते ज्ञान म्हणजे चुलीवरच्या भांड्यासारखं होतं, आहे म्हणजे आहे.

आम्ही सरपणाला सागाच्या रोपवनात गेलो होतो. तेच रोपवन, जिथं बाबा गेल्यावर ती आपल्या दोघांना झोळीत टाकून कामाला जायची. तिने लावलेले साग आता माझ्या दोन हातांत मावत नाहीत. ती एका झाडापाशी उभी राहिली. दात नसल्याने तिचं बोलणं आता फुसफुसतं. तुला समजावं म्हणून नीट करून लिहिते.

"हे खालची फांदी पाह्य," ती म्हणाली. "वरच्या पानाइनं इचं ऊन खाल्लं. ऊन नाई तं पान काय कमावनार? जे कमावत नाई त्याले झाड किती दिवस पोसन?"

"म्हणजे झाड तिला तोडून टाकतं?"

"तोडत नाई वो. आधी पानी कमी करते. मंग पानं लहान येतेत, मंग येतच नाई. साल सुटते. आन इथी, खोडापाशी, गळ्यावर असा फुगा येते." तिने माझं बोट धरून त्या उंचवट्यावरून फिरवलं. "इथून झाड आपलं आंग बंद करून घेते. आता हे फांदी झाडाची नाई राह्यली, नुसती टेकून आहे. वारं आलं तं पडनार, नाई आलं तरी पडनार, आपल्याच वजनानं. सागवान सरळ काऊन होते, तं अशानंच होते. खालचं सोडत सोडत वर जाते."

तिने काठीने ढोसलं. फांदी कट् करून खाली आली. खोडावर बशीएवढी जागा उघडी राहिली, तीही आत कोरडी, रक्त नाही, पाणी नाही. बाजूच्या झाडावर अशाच जागेवर साल चढत आली होती. ती म्हणाली, चार पावसाळ्यांनी तिथं काही होतं हे पण समजणार नाही.

"कहूचंही तसंच?"

"कहूची जुनी फांदी. तळ्यावर वाकली, लांब झाली, जड झाली. वरून नवीन फांद्याइनं झाकून टाकली. दोन साल झाले, पानं पातळ येत होते. गळ्यापाशी चीर पडली, तिच्यातून काळं पानी येत होतं. सुतार पक्षी बसून राह्यला होता. अजून कसं समजाव लागते?"

"मग हे असं बैठकीत का नाही सांगितलंस?"

"सांगतलं नं," ती म्हणाली. "दात होते तवाच सांगतलं."

मग मोळी बांधता बांधता ती आपणहून म्हणाली, "रिंकूले मी रोज सांगत होती, तिथी जाऊ नको. पोट्टी आयकत होती, गोकुळा. एक दिवस बी गेली नाई."

मोळी डोक्यावर घेऊन ती चालू लागली. पुढचं मी लिहीत नाही.

तू विचारलंस ते सांगितलं. आता तुझी पाळी. कार्डावर एक ओळ लिही, सरपंचाच्या पत्त्यावर, की पोरीला मायने पाठवलं नव्हतं. जास्त काही नको.

गोकुळा


जामटोला, १८ एप्रिल १९९९

भाऊ,

तुझी ओळ आली नाही. मी वाट पाहिली आणि मग लिहिणं सोडलं. आज पुन्हा लिहिते, कारण मला कोणाशी तरी बोलायला हवं आणि इथं बोलायला कोणी नाही.

तुला मुलगा झाला, अंकुश नाव ठेवलं, हे कळलं. मायला सांगितलं तेव्हा तिने भाकरीचा हात थांबवला आणि विचारलं, "वच्छलाचं बरं आहे नं?" मग पुन्हा थापायला लागली.

आता खरं ते लिहिते. शाळेपाशी बोरिंग आहे ना, जिथं सारं गाव उन्हाळ्यात पाणी भरतं, तिथल्या बेहड्याची मोठी फांदी वाळली आहे. मला आधी दिसली नव्हती. माय मागच्या पंधरवड्यात तिकडून येताना थांबली, वर पाहिलं आणि डोळ्यांवर हात धरून फांदीच्या बुडापर्यंत नजर नेली. मी ओळखलं.

"कधी पडेल?" मी विचारलं.

"ते का सांगता येते? पावसाच्या आधी पडन. बुडाशी आळिंबं आले आहेत."

बेहड्याला सगळीकडे नवी पानं फुटली आहेत, ती एक फांदी तेवढी काळी, वाळकी. तिच्या खालीच बाया घागरी घेऊन रांगेत उभ्या राहतात. लेकरं बोरिंगच्या दांड्याला लोंबकळतात. शाळेची मधली सुट्टी तिथंच होते.

मी म्हटलं, आपण सांगू. तिने मला पहिल्यांदा इतक्या मोठ्याने म्हटलं, "नाई! तू तं बिलकुल नाई. माह्यानंतर तुले धरतीन."

मी ग्रामसेवकाकडे गेले. मायचं नाव घेतलं नाही. म्हटलं, फांदी वाळली आहे, लेकरं खाली असतात. तो हसला, "गोकुळाबाई, तुमच्या घरच्याइनं फांद्याइच्या गोष्टी काऊन कराव?" मी परत आले. वनखात्याच्या नाक्यावर गार्डाला सांगितलं. तो म्हणाला, झाड गावठाणातलं आहे, आमच्यात येत नाही.

आणि भाऊ, चार दिवसांपासून मायने काय सुरू केलंय माहीत आहे? ती सकाळी उठून बोरिंगवर जाते आणि बेहड्याच्या खोडाला पाठ लावून बसते. फांदी ज्या अंगाने पडणार त्याच्या दुसऱ्या अंगाला. बसते, काही बोलत नाही. ज्यांना तिची सावली नको ते लोक तिला पाहून वळतात. बाया लांबच्या विहिरीवर जायला लागल्यात. लेकरं जवळ आली तर ती ओणवी होऊन खडा उचलते आणि बिनदाताचं तोंड उघडून ओरडते. लेकरं किंचाळत पळतात.

काल मनसाराम येऊन म्हणाला, "बुडी, उठ इथून. सारं पानी नासवून राह्यली." तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तोही मागं सरकला. ज्याने वरवंटा मागवला होता तो मागं सरकला.

मी तिला संध्याकाळी म्हटलं, "लोक काय म्हणतात ऐकतेस का?"

"म्हनू दे. जादूवाली म्हनतेत म्हनून तं दूर राह्यतेत."

ती दमते. उन्हात बसून तिचे डोळे लाल झालेत. मी दुपारी ताक घेऊन जाते तेव्हा मलाही ती हात करते, इकडून ये, त्या बाजूने नको.

तू इथं असतास तर तिला उठवून घरी आणलं असतंस की तिच्याजवळ बसला असतास, ते मला ठरवता येत नाही.

गोकुळा


मूल, २९ जून १९९९

भाऊ,

माय गेली. तुला फोनवर निरोप दिला होता. तू आला नाहीस, म्हणून सगळं लिहिते, म्हणजे कोणी अर्धवट सांगायला नको.

फांदी पावसाच्या आधी पडली. सकाळची वेळ होती, पान हलत नव्हतं. मंगली पोरीला घेऊन घागर भरायला निघाली होती. लांबच्या विहिरीचं पाणी गढूळ झालं होतं म्हणून म्हणाली, आज बोरिंगवरच जाते, बुडी काय करते पाहू. तिथं पोचली तर माय ओरडत उभी राहिली, हातात दगड. मंगलीने तिला शिवी दिली आणि पोरीला ओढत मागं फिरली. शाळेच्या कोपऱ्यापर्यंत आली असेल तर मागं आवाज झाला. बोरिंगचा दांडा वाकला, ओट्याला भेग पडली. माणूस एकही नाही. मायला ओरखडाही नाही.

मी पोंभुर्ण्याला अंगणवाडीच्या मीटिंगला गेले होते. मंगलीनेच मला पुढचं सांगितलं.

सारं गाव जमलं. मंगली सगळ्यांसमोर म्हणाली, "हे इथी बसली नसती तं मी खाली असती. माही पोट्टी खाली असती." बिरजू म्हणाला, "अवो, ते तिथी बसून बसूनच पाडली. दोन महिने बसून राह्यली, कायले बसली होती?" मनसाराम म्हणाला, पहिल्या वेळी आपण दातावर सोडलं ते चुकलं.

मंगली मध्ये गेली तर तिला ढकललं. माय पळाली नाही. कुठं पळणार? तिने फक्त डोकं झाकलं.

मी आले तेव्हा ती बोरिंगच्या ओट्यापाशी पडली होती आणि आजूबाजूला कोणी नव्हतं. मंगलीच्या नवऱ्याने बैलगाडी जुंपली. डांबरी रस्त्यावर जीप मिळाली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मूल गाव यायच्या आधी तिने डोळे उघडले.

"कोनाले लागलं तं नाई?"

"नाही, माय. कोणालाच नाही."

तिने मान हलवली. दवाखान्याच्या फाटकातून आत शिरेपर्यंत ती गेली होती.

मी तिला जामटोल्याला नेलं नाही. इथंच उमा नदीवर तिचं दहन केलं. मंगली आणि तिचा नवरा होते, आणि दवाखान्यातले दोन वॉर्डबॉय. अग्नी मी दिला. ते काम तुझं होतं, असं कोणी मला म्हणालं नाही. म्हणायला कोणी नव्हतंच.

पोलिसांत मी नावं दिली आहेत. मनसाराम, बिरजू आणि बाकीचे. पहिल्या वेळचंही सांगितलं. ते म्हणतात, तेव्हा तक्रार का नाही केली? त्या बैठकीत जो होता, त्यांच्या गटातला नव्हता आणि खरं बोलू शकतो असा माणूस एकच आहे, तो तू. तुला कागद येईल. ये.

मी आता जामटोल्यात राहत नाही. बदली मागितली आहे. पत्ता खाली देते.

गोकुळा


मूल, ९ मार्च २००३

भाऊ,

चंद्रपूरच्या कोर्टात तू माझ्यासमोरून गेलास आणि पाहिलं नाहीस. वकिलाने तुला विचारलं, पहिल्या बैठकीत काय झालं. तू म्हणालास, "मले काही आठवत नाई साहेब. पोरगी मेली होती, मी भानावर नव्हतो." मंगली साऱ्या गावाच्या विरोधात उभी राहून बोलली. तिच्या घराचं छप्पर त्यानंतर कोणीतरी जाळलं, ते तुला माहीत असावं म्हणून लिहिते. एका बाईच्या बोलण्यावर शिक्षा होत नाही म्हणे. सगळे सुटले. बाहेर आल्यावर त्यांनी चहा घेतला. बिरजूने माझ्याकडे पाहून हात जोडले.

पण हे पत्र त्याबद्दल नाही. वच्छलावहिनी माझ्याकडे आली आहे. तू तिला तिच्या माहेरी शोधत असशील.

ती गेल्या सोमवारी एसटीने आली, अंकुशला घेऊन. दारात उभी राहिली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "बाई, कोर्टात ते मंगली म्हनत होती का फांदी आपोआप पडते. खरं आहे का?"

मी म्हटलं, "जेवून घे आधी."

"नाई. आधी सांगा."

सांगून समजलं नसतं. मी तिला चंद्रपूर रस्त्यावरच्या सागाच्या रोपवनात घेऊन गेले. मायने मला दाखवलं होतं तसंच दाखवलं. खालची वाळलेली फांदी, गळ्यावरचा उंचवटा, पडलेल्या जागेवर चढत आलेली साल. तिचं बोट धरून फिरवलं. अंकुश पानं गोळा करत होता. त्याला मी झाडाखालून दोनदा हाक मारून बोलावलं, आणि दोन्ही वेळा वहिनी दचकली.

तिने एक वाळकी फांदी ओढली. ती इतक्या सहज हातात आली की ती मागं पडायला आली. तिने फांदीचं सुटलेलं टोक बोटाने चाचपलं.

"कोनी काही करत नाई?" ती म्हणाली. "मंत्र नाई, काही नाई?"

"काही नाही. झाड वाढतं आणि सोडतं."

"मी त्या बुडीले रोज शिव्या देत होती, बाई. सकाळी उठून दिवा लावाच्या आधी देत होती. ते मेली तवा मी गोड करून खाल्लं." तिने फांदी खाली ठेवली, हळूच, जसं झोपलेलं लेकरू ठेवतात. "त्या रागावरच मी उभी राह्यली इतके वर्स. आता मी कोनावर राग धरू?"

मग तिने तो प्रश्न विचारला, जो विचारेल म्हणून मला तिला दारात पाहिल्यापासून भीती वाटत होती.

"पोट्टीले सासूनं मना केलं होतं. पोट्टी कधी जात नव्हती. मंग त्या दिवशी कशी गेली?"

बैठक चालली होती तेव्हा ती रिंकूजवळ बसली होती. तू तिथं काय बोललास हे तिने तुझ्याच तोंडून ऐकलंय, आणि आता तिला ते पटत नाही. मी सांगू शकले असते. माचीस मी स्वतः दिली होती. पण मी म्हटलं, "हे अंकुशच्या बाबाला विचार."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटतं तिला तेवढ्यावरूनच समजलं. पण समजणं वेगळं आणि तुझ्या तोंडून ऐकणं वेगळं.

ती तेव्हापासून इथंच आहे. माझ्याबरोबर अंगणवाडीत येते, खिचडी ढवळते. बोलत नाही. अंकुश तुझी आठवण काढतो, तो विचारतो बाबा कधी येणार. मी त्याला खोटं सांगत नाही, म्हणते माहीत नाही.

मी तुला माफ केलं, असं या पत्रात लिहिता आलं तर लिहायचं म्हणून बसले होते. आलं नाही. ते माझं आणि तुझं आहे, राहू दे. वहिनीचं वेगळं आहे.

बस स्टँडवरून उतरलास की डाव्या हाताला अंगणवाडी विचार, कोणीही सांगेल. बोलायचं असेल तर ये. नुसतं न्यायला येऊ नकोस.

गोकुळा